लोखंड लागलं की

“डॉक्टरसाहेब, लोखंड लागलं की तो आजार अंगभर पसरतो, हे खरं की खोटं?”

अख्ख्या शाळेसमोर, माईक हातात घेऊन, खणखणीत आवाजात विचारलं मी. पैज माझ्या मैत्रिणींनी, नोहैला आणि खौलानं, लावली होती. बक्षीस म्हणजे कोपऱ्यावरच्या कढईतले स्फेंज, गरमागरम, साखरेत घोळलेले, पोट फुटेस्तोवर. मागच्या वर्षीची वियाम असती तर पैज ऐकूनच तिच्या घशाला कोरड पडली असती. मागच्या वर्षीची वियाम फळ्यापाशी बोलावलं तरी खडू मोडायची. पण या उन्हाळ्यात मला काय झालं कोण जाणे, उंची वाढली, आवाज मोकळा झाला, आणि सप्टेंबरात वादविवादात मी वरच्या वर्गातल्या दोन मुलांना असं गार केलं की ते अजून मला बघून रस्ता बदलतात. तेव्हापासून माझ्या पोटात प्रश्न राहत नाही. आला की बाहेर.

सभागृह म्हणजे आमचं जेवणघरच. टेबलं भिंतीला लावून खुर्च्या मांडलेल्या, वर गुलाबी फुगे. दर ऑक्टोबरला त्या आजाराच्या तपासणीसाठी असतात तसे. प्रांताच्या आरोग्य खात्यातून आलेले डॉक्टर पडद्यावर रंगीत खांब दाखवत होते. राष्ट्रीय योजनेत चाळिशीपुढच्या किती बायकांची तपासणी व्हायला हवी, कुठल्या गावानं किती केली, असे खांबच खांब. त्यात सगळ्यात उंच खांब आमच्या गावाचा, ऐन तुफ्फाहचा.

“आणि याचं सगळं श्रेय,” डॉक्टर म्हणाले, “लल्ला झहूर यांना!”

टाळ्या कडाडल्या. मी तर शिट्टीच मारली. लल्ला झहूर म्हणजे झहूरबाई, आमच्या आरोग्य केंद्रातली परिचारिका, म्हणजे माझी यम्मा, माझी आई. मंचाच्या टोकाला पांढरा कोट घालून बसली होती.

तो खांब कसा उभा राहिला हे खांब दाखवणाऱ्याला माहीत नव्हतं. राजधानीतून केंद्रासाठी जो फलक आला, त्यावर त्या आजाराचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की बायका पलीकडच्या फुटपाथवरून जायला लागल्या. नाव घेतलं की तो घर बघून ठेवतो म्हणतात आमच्याकडे. खात्याचा फलक, उतरवता तर येत नाही. मग यम्मानं गुलाबी फितीचं भलंमोठं फूल केलं आणि बरोब्बर त्या शब्दावर टाचलं. योजनेत लिहिलं होतं, तपासणी सोमवारी. सोमवारी कुत्रं फिरकेना. कसं फिरकेल? बायका हमामात जातात गुरुवारी संध्याकाळी. चार दिवसांच्या पारोशा अंगानं दुसरीसमोर कपडे उतरवायचे म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. यम्मानं तपासणी नेली शुक्रवारी सकाळी, बायका न्हाऊन चकचकीत असताना आणि कुसकुस चुलीवर चढायच्या आत. आल्या की आधी रक्तदाब, मग साखर, मग कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते, आणि मग हळूच, “आता आलीच आहेस तर बघून टाकू का छाती?” असा तो खांब एकेक वीट करत वर गेला.

तर माझा प्रश्न ऐकून डॉक्टर हसले. “शंभर टक्के अंधश्रद्धा! कुठल्या काळात राहता तुम्ही? लल्ला झहूर, तुम्हीच सांगा या मुलीला. तुम्ही तर रोजच सांगता.”

‘या मुलीला’ म्हटल्यावर सगळ्या मुली फिसफिसल्या, कारण मी कुणाची ते डॉक्टर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. यम्मा उठली. मी खूश. तिचं उत्तर मला पाठ होतं. घरी कणीक मळतानासुद्धा ती ते घोकायची, “सुईनं काही पसरत नाही. मी सांगते ना!” आणि ‘मी’वर कणकेला असा रट्टा घालायची की परात उडायची.

तिनं माईक घेतला. माझ्याकडे बघितलं नाही.

“सुईनं,” ती म्हणाली आणि थांबली. “सुईनं पसरत नाही म्हणतात.”

आणि खाली बसली.

पुन्हा टाळ्या. डॉक्टर पुढच्या खांबाकडे वळले. मी उभीच.

स्फेंज खाताना नोहैलानंच विषय काढला. तिच्या कानातून काही सुटत नाही. “तुझ्या यम्मानं ‘म्हणतात’ का लावलं गं शेवटी?”

“लावलं असेल. बोलताना लावतो आपण.”

“तू लावशील. मी लावीन. ती परिचारिका आहे. पोळीवाल्यानं ‘पोळी ताजी आहे म्हणतात’ असं म्हटलं तर घेशील का तू?”

खौला बोटांवरची साखर नुसती पुसत राहिली. तिची आई मंगळवारच्या गाडीनं जायची होती.

ही मंगळवारची गाडी म्हणजे यम्माचं दुसरं दुखणं. हातानं तपासून गाठ लागली की बाईला प्रांताच्या शहरात पाठवायचं. तिथं यंत्रावर छातीचा फोटो. फोटोत शंका आली की सुई टोचून गाठीतला कण काढायचा आणि तपासायला द्यायचा. सुईचे डॉक्टर त्या केंद्रात फक्त मंगळवारी. बायका फोटोपर्यंत जातात. फोटो काय, लग्नातही काढतात. पण सुई म्हटली की कुणाची सासू आजारी पडते, कुणाची मेंढी वितेय. सुई म्हणजे लोखंड. आणि तो आजार झोपलेला असतो तोवर ठीक, लोखंड लागलं की उठतो आणि सैरावैरा धावतो, हे आमच्याकडे पोरीसोरींनाही माहीत. यम्मानं खात्याच्या मागे लागून लागून लसींची गाडी मंगळवारी बायकांसाठी मिळवली होती, आणि या मंगळवारी सुईसाठी चौघी तयार झाल्या होत्या. चौघी! मी म्हटलं, “यम्मा, आता तुझा खांब छताला लागेल.” तर म्हणाली, “सुईपर्यंत किती पोचल्या याचा खांब कुणी काढत नाही, वियाम. हात लावला की झालं, तिथंच पूर्णविराम पडतो.”

त्याच संध्याकाळी फोन सुरू झाले. पहिला खौलाच्या आईचा. यम्मानं कणकेचे हात तसेच ठेवून खांद्यात फोन धरला. “हो. हो का? बरं. नंतर बघू. बरं.” थोड्या वेळानं दुसरा. “सफरचंदं उतरवायची राहिलीत? बरं.” इतर वेळी ती फोनवरच ओरडली असती, भांडली असती, कुराणाची शपथ घातली असती. आज नुसतं ‘बरं’.

प्रश्न आला. बाहेर.

“यम्मा, ‘म्हणतात’ का म्हणालीस?”

“काय?”

“‘पसरत नाही म्हणतात.’ तू असं कधीच म्हणत नाहीस.”

“जीभ आहे, घसरते. तुझी नाही घसरत? तुझी तर घसरगुंडीच आहे.”

“त्या दोघी त्यामुळेच येत नाहीयेत.”

“माहीत आहे मला.” ती कणीक मळत राहिली. पण हळू. रट्टा नाही, काही नाही. डाव्या हातानं तर नुसती परात धरून ठेवली होती. मग मला आठवलं की उन्हाळाभर कणीक तीच मळते पण पाण्याची बादली मला उचलायला सांगते. आणि यंदा हमामात ती माझ्याबरोबर आलीच नाही, दर वेळी ‘तू हो पुढे’.

“यम्मा, तुला कॅन्सर झालाय का?”

कणकेचा हात फाडकन माझ्या तोंडावर बसला. मारायला नाही, झाकायला. नाकात पीठ गेलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, तिचा हात माझ्या तोंडावर, आणि मी शिंक दाबत.

“माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली. “तेच तर. माहीत नाही.”

मग सांगितलं तिनं. वसंतात, बदामाची झाडं फुलली होती तेव्हा, अंघोळ करताना बोटाला लागली. रोज दुसऱ्यांच्या छातीत जे बोट शोधतं, त्याला स्वतःच्या छातीत सापडलं. ती बायकांना घेऊन शहरात गेली, आणि सगळ्यांचे फोटो झाल्यावर हळूच स्वतःचाही काढून घेतला. तिथली बाई म्हणाली, लल्ला झहूर, सुई लागेल. यम्मा म्हणाली, हो, हो, पुढच्या मंगळवारी. त्यानंतर कितीतरी मंगळवारी ती त्या केंद्रात गेली. दुसऱ्यांचे हात धरून सुईच्या खोलीच्या दारापर्यंत. आत त्यांना पाठवायची, आणि बाहेर बाकावर त्यांचे जेलाबे, ते पायघोळ झगे, मांडीवर घेऊन बसायची.

“पण तुला तर माहीत आहे ना, सुईनं पसरत नाही!”

“डोक्याला माहीत आहे गं.” ती हातावरचं पीठ खरवडत होती. “माझी आई गेली तेव्हा तू रांगत होतीस. तिची गाठ फुटली, वास यायला लागला, तेव्हा कुठं तिनं दाखवली आम्हाला. कापलं, आणि पुढच्या रमजानपर्यंत राहिली नाही. उशीर झाला म्हणून गेली. हे मी शंभर बायकांना समजावलंय. पण रात्री अंथरुणात पडले की माझ्याच कानात गावातल्या म्हाताऱ्या बोलतात. लोखंड लागलं आणि गेली. लोखंड लागलं आणि गेली.”

“बाला माहीत आहे?”

“तेव्हाच सांगितलं. तो म्हणाला, सुई नाही.” मग ती थोडी हसली, आणि ते हसू मला अजिबात आवडलं नाही. “मी वाद घातला नाही. एक शब्दही नाही. बाजारात टोमॅटोवरून त्याच्याशी तास तास भांडते मी. त्याचं ‘नाही’ मिळालं आणि मी त्याच्या मागे जाऊन बसले, सावलीत बसावं तसं.”

दुसऱ्या दिवशी मी बाच्या दुकानात गेले. माझा बा, मआलेम म्हणजे उस्ताद बूअज्झा, लोखंडकाम करतो. ऐन तुफ्फाहच्या निम्म्या खिडक्यांच्या जाळ्या आणि बहुतेक सगळी फाटकं त्याच्या हातची. जन्मभर लोखंड कापलं, जोडलं, वाकवलं. आणि हा माणूस सुईला घाबरतो! मी रस्त्यानं जाताना सगळी वाक्यं जुळवली होती. वादविवादात जिंकते ती काय उगाच?

“डोळे मीट!” आत पाऊल टाकताच तो ओरडला. ठिणग्या उडत होत्या. थांबल्यावर त्यानं तोंडावरचा मुखवटा वर केला. “काय गं? शाळेनं हाकललं?”

“आज रविवार आहे बा. यम्माला सुई नको का म्हणालास?”

त्यानं आधी रस्त्याकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग दार अर्धं ओढून घेतलं.

“तुला तिनं सांगितलं?”

“मी विचारलं.”

“तू विचारणारच.” तो लोखंडाच्या ढिगावर बसला. “मला लोखंडाचं शिकवू नकोस, वियाम. पत्रा धड असतो तोवर पाऊस, बर्फ, सगळं सोसतो. त्याला एक भोक पाड. गंज धरतो तो तिथूनच. नेहमी तिथूनच. मी रोज बघतो.”

हेच हवं होतं मला! याच वाक्यासाठी मी तयारी करून आले होते.

“आणि रंगाला फुगा आला तर? डाकघराच्या फाटकाला आला होता, तेव्हा काय केलंस? ‘झोपू दे त्याला’ म्हणून सोडून दिलंस? खरवडलंस ना? टोक खुपसून बघितलंस ना, खाली किती खाल्लंय ते? न बघता वरून रंग मारणाऱ्याला तूच गाढव म्हणतोस!”

 मी मनात टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

“खरवडलं,” तो म्हणाला. “कुजलेला तुकडा निघाला. मी तो कापला आणि नवा जोडला. बाजारात मिळतो नवा. तुझ्या यम्माचा तुकडा कुठल्या दुकानात मिळतो, सांग.”

मी तोंड उघडलं.

“सांग ना. वादविवाद जिंकतेस तू.”

 मी पायानं लोखंडाचा चुरा बाजूला सारत राहिले.

“तुझ्या आजीला शहरात मीच नेलं होतं,” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “ती नको म्हणत होती. मी म्हटलं, खाल्ती, मी आहे ना, चल. माझ्या शब्दावर उठली ती आणि गाडीत बसली. परत आणली तीही मीच. झहूरनं मला कधी एका अक्षरानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आता तिलाही मीच ‘चल’ म्हणू?”

त्यानं मुखवटा खाली ओढला. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आतून बराच वेळ ठिणगीचा आवाज आला नाही.

सोमवारी तिसरीनंही नाही कळवलं. उरली एक, खाल्ती मिना, म्हणजे मिनामावशी. ती बाजारात बटाटे विकते. नवरा ट्रक चालवायचा, घाटात गेला. पाच पोरं. आणि आवाज असा की ती भाव सांगायला लागली की पलीकडच्या आळीतल्या कोंबड्या गप्प होतात. सोमवारी संध्याकाळी ती आमच्या दारात उभी, हातात सफरचंदांची पिशवी. बा नुकताच आला होता, पाय धूत होता.

“लल्ला झहूर, मी चहाला आलेली नाही. चहा दे, पण मी त्यासाठी आलेली नाही.”

यम्मानं चहा ओतला. मिनानं पेला हातात धरला, प्यायली नाही.

“अख्खा बाजार बोलतोय. झहूर म्हणाली ‘म्हणतात’. बायका म्हणतात, मिना, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेतेस? मी म्हटलं, थांबा, मी तिलाच विचारते. तर सरळ सांग. फिरवू नकोस. ही सुई तू स्वतः टोचून घेशील का?”

“मिना, गाडी उद्या सातला निघते. तू उपाशी यायची गरज नाही, नाश्ता करून...”

“गाडीचं विचारलं का मी? नाश्त्याचं विचारलं? मी बटाटे विकते, लल्ला. खालचा बटाटा सडका असला की गिऱ्हाईक कसं बोलतं आणि विकणारी कशी बोलते, मला दोन्ही कळतं.”

यम्मानं बाच्या दिशेनं बघितलं. बा पायांवर पाणी ओतत राहिला, पाय केव्हाच स्वच्छ झालेले.

“माझीही गाठ आहे, मिना,” यम्मा म्हणाली. “वसंतापासून.”

मिनानं पेला खाली ठेवला. मला वाटलं आता ती यम्माच्या गळ्यात पडेल, रडेल, देवाचं नाव घेईल. बायका तसंच करतात. पण तिचा चेहरा लाल झाला.

“वसंतापासून? आणि तू मला ढकलतेयस? मला? आधी मिनाला टोचा, मिना जगली तर मग झहूरचं बघू, असं?”

“नाही...” यम्मा म्हणाली. मग थांबली. खोटं बोलायला तिला कधीच जमत नाही, मी तिच्यावरच गेलेय. “असंही असेल, मिना. मी नाकारत नाही. बाकावर बसून मी प्रत्येकीकडे बघायचे, आत जाताना आणि बाहेर येताना.”

“वा!” मिना म्हणाली. “वा, वा! मंचावर टाळ्या मिळवतेस!” आणि मग तिचा तो एवढा मोठा आवाज एकदम खाली बसला. “मआलेम, तुम्हाला माहीत होतं?”

“होतं,” बा म्हणाला.

“आणि तुम्ही?”

“मी नाही म्हणालो.”

 मिनानं जेलाबा सावरला. पिशवीतली सफरचंदं एकेक काढून आमच्या टेबलावर ठेवली, जशी काही मोजून देतेय, आणि पिशवी घडी करून कमरेला खोचली.

“मी नाही म्हणून सांगायलाच आले होते. ठरवूनच आले होते. आता मला काही कळेनासं झालंय. तुला गाठ आहे हे ऐकून मला बरं वाटलं, माहीत आहे? देव मला माफ करो. वाटलं, चला, माझी एकटीचीच नाही.” तिनं नाक पुसलं. “उद्या सातला मी केंद्रापाशी येते. तू गाडीत असलीस तर चढते. नसलीस तर तशीच पुढे बाजारात. मंगळवार आहे, बटाट्याला गिऱ्हाईक असतं. आणि झहूर, मी मेले तर माझा आत्मा पाचही पोरं तुझ्याच उंबऱ्यावर आणून बसवील. लक्षात ठेव.”

ती गेली. दार उघडंच राहिलं आणि डोंगरावरचा गार वारा आत आला.

“बोलली ते बरोबरच बोलली,” बा म्हणाला.

“तुझं ‘नाही’ अजून आहे का?” यम्मानं विचारलं.

बा टॉवेलनं पाय पुसत राहिला, बोटांच्या मधली जागासुद्धा.

“आहे की नाही, एवढंच सांग बूअज्झा.”

“मी ‘जा’ म्हणणार नाही,” तो म्हणाला. “ते माझ्या तोंडातून येणार नाही, झहूर. मला ते जमत नाही. पण ‘नाही’... ‘नाही’सुद्धा आता म्हणवत नाही मला.”

“मग काय म्हणतोस?”

“काहीच नाही म्हणत.”

यम्मा बसली. टेबलावरचं एक सफरचंद तिनं उचललं, फिरवलं, ठेवलं. “तुम्हाला दोघांना वाटतं मी फक्त सुईला घाबरते. समजा मी गेले. समजा वाईट निघालं. औषधं सुरू होतील, केस जातील, भुवया जातील. मी तशी केंद्रात बसणार. शुक्रवारी कुठली बाई माझ्यासमोर छाती उघडी करेल? म्हणतील, जी सगळ्यांना लोखंड लावायला सांगत फिरायची तिलाच त्यानं खाल्लं. तो खांब मी एकेक बाई करून रचलाय. एका दिवसात खाली येईल.”

“आणि नाही गेलीस तर?” मी म्हटलं.

“वियाम!” बा ओरडला.

“नाही बा, विचारू दे. नाही गेलीस तर तो खांब राहील? तू गेल्यावर? फितीचं फूल कोण टाचणार आहे तिथं?”

यम्मा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं, भरपूर होतं, आणि नाकातूनही. मी बाहीनं पुसलं.  मला वाटलं नव्हतं आवाज येईल म्हणून, पण आला.

“यम्मा, बा, ऐका. मी उद्या शाळेत जाणार नाही. परवानगी मागत नाहीये, सांगतेय. सुईसाठी येणाऱ्या प्रत्येकीबरोबर घरचं कुणीतरी लागतं आणि खाल्ती मिनाचं कुणी नाही. उद्या तिच्याबरोबर मी. सातच्या आधी मी केंद्रापाशी उभी असेन, तिला बाजाराकडे वळू देणार नाही. ओढून चढवीन, भांडून चढवीन. तिच्याबरोबर त्या खोलीच्या दारापर्यंत जाईन, आणि सोडलं तर आतही. आणि यम्मा, गाडीत माझ्या शेजारची खिडकीची जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवणार आहे. तू येऊन बसलीस तरी, आणि नाही बसलीस तरी. शहरापर्यंत त्या जागेवर मी दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही.”